कंपनीतून वर्गात: मराठवाड्यात हायस्कूलचे शिक्षक कसे व्हावे

बी.एड. सीईटीचे अर्ज सुटले की माझ्याकडे ठरावीक प्रकारची माणसं चौकशीला येऊ लागतात. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करून कंटाळलेला इंजिनिअर, नांदेडला औषध कंपनीचा एमआर, आई-वडिलांसाठी पुण्याची नोकरी सोडून लातूरला परतलेली मुलगी, लेकरं मोठी झाल्यावर जुन्या एम.एस्सी.च्या गुणपत्रिका कपाटातून बाहेर काढणारी गृहिणी. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: ‘सर, आता या वयात हायस्कूलला शिक्षक होता येईल का?’

होता येतं. मात्र या वाटेवर क्रम चुकला की दोन-दोन वर्षं वाया जातात. बरेच जण आधी मिळेल तिथे बी.एड. उरकतात, मग जाहिरात उघडतात, आणि आपली पदवी त्या पदाला बसतच नाही हे तेव्हा कळतं. मी जिल्हा परिषदेच्या प्रशालेत शिकवतो, आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, येणाऱ्या छात्राध्यापकांचे (बी.एड.च्या विद्यार्थ्यांचे) पाठ बघतो, त्यामुळे ही फरफट जवळून पाहिली आहे. ती टाळता यावी म्हणून हे सगळं क्रमाने सांगतो.

दुसरं काम सोडून शाळेत येणं आपल्या भागाला नवीन नाही. स्वामी रामानंद तीर्थ कामगार चळवळीतून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत राहिले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यानंतरचं. तेव्हा ‘उशीर झाला’ हा विचार मनातून काढून टाका आणि कागद-पेन घ्या.

आधी विषय, मग बी.एड.

महाराष्ट्रात हायस्कूलच्या शिक्षकाला वेगळा परवाना नसतो. पदवी आणि बी.एड. हीच पात्रता, त्यावर भरतीच्या परीक्षा. पण कोणत्या वर्गाला शिकवायचं त्यानुसार अटी बदलतात.

नववी-दहावीला विषयाची पदवी आणि बी.एड. लागते. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी, किमान 50 टक्के गुण, आणि बी.एड. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. किंवा डी.एल.एड. (जुनं डी.एड.), शिवाय टीईटी या पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर. आपल्याकडची बहुतेक हायस्कूलं पाचवी ते दहावीची असतात. एकाच इमारतीत, एकाच घंटेवर हे वर्ग भरत असले तरी कागदोपत्री पद कोणत्या गटाचं आहे त्यावर तुमची पात्रता ठरते.

आता तुमची पदवी समोर ठेवा.

बी.एस्सी. किंवा बी.ए. झालेल्यांचं सोपं आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा मुख्य विषय हाच तुमचा शिकवण्याचा विषय. तीन वर्षं इतिहास घेतला आणि ‘इंग्रजीला जागा जास्त असतात’ म्हणून बी.एड.ला इंग्रजी मेथड (शिकवण्याच्या पद्धतीचा विषय) घेतली, तर ती मेथड एकटी तुम्हाला इंग्रजीच्या पदापर्यंत नेत नाही. जाहिरातीत आधी पदवीचा विषय बघतात.

इंजिनिअरांना बी.एड.ला प्रवेश मिळतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, 2014 च्या नियमांत विज्ञान-गणिताच्या अंगाने अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान केलेल्यांना 55 टक्क्यांची अट घालून वाट दिलेली आहे. इतर पदवीधरांना 50 टक्के. राखीव प्रवर्गाला सवलत. पण प्रवेश मिळणं वेगळं आणि पदाला बसणं वेगळं. मागच्या भरतीच्या जाहिराती शोधा, गणित-विज्ञानाच्या पदासमोर कोणती पदवी लिहिली आहे ते शब्दन् शब्द वाचा, आणि मगच सीईटीचं शुल्क भरा.

बी.कॉम.वाल्यांनी इथे थांबून विचार करावा. नववी-दहावीला वाणिज्य हा विषयच नाही. बी.कॉम. आणि बी.एड. एवढ्यावर हायस्कूलमध्ये तुमच्यासाठी जवळपास जागा नसते. तुमचं ठिकाण कनिष्ठ महाविद्यालय, आणि तिथे एम.कॉम. लागतंच. म्हणून आधी एम.कॉम., मग बी.एड. बँकेत किंवा सीएच्या ऑफिसात काम करता करता एम.कॉम. मुक्त विद्यापीठातून होऊ शकतं, बी.एड. तसं होत नाही. त्याबद्दल पुढे येतंच.

वय मोजा, स्पष्टपणे मोजा

शासकीय भरतीची सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43 वर्षं आहे. शिक्षक भरतीतही हीच धरून चाला. केंद्रीय विद्यालयात टीजीटीला (पदवीधर शिक्षक) 35 आणि पीजीटीला (पदव्युत्तर शिक्षक) 40.

त्यात बी.एड.ची दोन वर्षं मिळवा. प्रवेशफेऱ्या लांबल्या की ही दोन वर्षं प्रत्यक्षात अडीच होतात. त्यापुढे भरतीची वाट. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला सगळे ‘टेट’ म्हणतात, ती राज्यात पहिल्यांदा डिसेंबर 2017 मध्ये झाली. दुसरी थेट फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये. तिसरी मे-जून 2025 मध्ये. पहिल्या दोघींत पाच वर्षांहून जास्त अंतर! एमपीएससीसारखं दरवर्षीचं वेळापत्रक इथे गृहीत धरू नका.

म्हणजे खुल्या प्रवर्गातला 32-33 वर्षांचा माणूस आज निघाला तर त्याच्या हातात थोडी उसंत आहे. 36 वर्षांच्या माणसासाठी जिल्हा परिषदेचं दार जवळजवळ बंद झालेलं आहे. हे कटू आहे, पण बी.एड.ची फी भरण्याआधी कळलेलं बरं. त्याचा अर्थ शिक्षक होता येणार नाही असा मुळीच नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळा, सीबीएसईच्या खाजगी शाळा, विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयं या वाटा उघड्या राहतात. फक्त त्या वाटेवरचा पगार आणि स्थैर्य वेगळं असतं, आणि घरच्यांना ते आधी सांगायला हवं.

सीईटी आणि प्रवेश

बी.एड.चा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. पेपर ऑनलाइन, 100 प्रश्न, 90 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि अध्यापन अभिक्षमता असे तीन भाग. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल तर ईएलसीटी हा इंग्रजीचा जादा पेपर द्यावा लागतो; अर्ज भरतानाच तो पर्याय निवडायचा असतो. परीक्षा साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास असते आणि अर्ज त्याआधी दोन-तीन महिने सुटतात. नोकरी करणाऱ्यांचं इथेच बिनसतं, कारण दिवाळीनंतर ते संकेतस्थळ उघडायचंच विसरतात.

परीक्षेची फार धास्ती घेऊ नका. नोकरीतल्या माणसाला रोज तासभर मिळाला तरी पुरतो. कठीण आहे ते कॉलेज निवडणं.

मराठवाड्यात दोन विद्यापीठं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. शिक्षण खात्याची विभागणी मात्र निराळी आहे. लातूर विभागात लातूर, नांदेड, धाराशिव; आणि परभणी, हिंगोली संभाजीनगर विभागात. धाराशिवच्या मुलीची पदवी संभाजीनगरच्या विद्यापीठाची आणि नोकरीची फाईल लातूरच्या उपसंचालक कार्यालयात, असं होतं. पुढे कागदपत्रांसाठी हेलपाटे घालताना हे लक्षात ठेवा, एक चक्कर तरी वाचेल.

कॉलेज निवडताना तीन गोष्टी बघा. एक, एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता त्या वर्षीपुरती चालू आहे का. दोन, शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला किती फी मंजूर केली आहे. त्याहून जास्त कोणी मागितली तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की आकडा खाली येतो. तीन, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी, तिथे खरोखर तास होतात का. मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा आणि एवढंच विचारा: ‘तुमचे सराव पाठ कोणत्या शाळेत झाले, आणि पाठ बघायला मागे कोण बसायचं?’ उत्तर देताना ते घुटमळले तर ते कॉलेज सोडा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय अध्यापक महाविद्यालय आहे. गुण चांगले असतील तर पसंतीक्रमात ते वर ठेवा.

प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीवर पाणी सोडावं लागतं, आणि ही रक्कम लहान नसते. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेत शिक्षण शुल्काची निम्मी सवलत आहे. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्नाच्या अटीवर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. नोकरी सोडून येणाऱ्या बहिणींनी हा लाभ जरूर घ्यावा. मात्र उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. त्या वर्षीचा तुमचा आणि घरच्यांचा पगार त्यात धरला जाणार, हे लक्षात घेऊन कुठल्या वर्षी प्रवेश घ्यायचा ते ठरवा.

कागदांमध्ये नावाचा घोळ सर्वांत जास्त त्रास देतो. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पदवीवर आईचं नाव मधेच घुसलेलं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्या आणि ते पान जपून ठेवा. जात वैधता, नॉन क्रिमी लेयर, अधिवास, ईडब्ल्यूएस यांतलं जे लागू असेल ते आधी काढा. जे प्रमाणपत्र अजून हातात नाही त्या प्रवर्गातून अर्ज भरण्याचा धोका पत्करू नका.

‘घरबसल्या बी.एड.’ नावाची फसवणूक

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानांवर या जाहिराती चिकटवलेल्या असतात. ‘नोकरी सांभाळून बी.एड.’, ‘हजेरीची अट नाही’, ‘परराज्यातील मान्यताप्राप्त विद्यापीठ’. याला फसणाऱ्यांत शिकलेली माणसंच जास्त असतात, कारण नोकरी न सोडण्याचा मोह त्यांनाच होतो.

दूरस्थ बी.एड. कायद्यात आहे, पण ते प्राथमिक शाळेत आधीच काम करणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी, किंवा डी.एड.सारखा एनसीटीईमान्य अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून केलेल्यांसाठी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोन्हींच्या बी.एड.ला अशाच अटी आहेत. कंपनीतून थेट येणाऱ्याला ही वाट नाही. नियमित बी.एड.ला तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला 90 टक्के हजेरी बंधनकारक आहे. पूर्णवेळ नोकरी सांभाळून ही हजेरी खरी भरूच शकत नाही. खोटी भरून मिळवलेली पदवी वैयक्तिक मान्यतेच्या वेळी, म्हणजे शिक्षणाधिकारी तुमच्या नेमणुकीला मंजुरी देतात तेव्हा, अडते. त्या काळातला तुमचा पीएफचा उतारा आणि बी.एड.ची हजेरी शेजारी ठेवली की कुणालाही कळतं.

म्हणून दोन वर्षांच्या घरखर्चाची सोय आधी. संध्याकाळच्या शिकवण्या घेता येतात. लातूर, नांदेडमध्ये तर क्लासेसवाले विज्ञानाचा हात असलेल्या माणसाची वाटच बघत असतात. ते शिकवणं शाळेच्या अनुभवात धरलं जात नाही, पण घर चालतं आणि जीभही मोकळी होते.

दोन वर्षांत खरं काय शिकायचं

बी.एड.मध्ये सूक्ष्म अध्यापन, आशययुक्त अध्यापन पद्धती, मूल्यमापन, शिक्षणाचं मानसशास्त्र हे सगळं आहे आणि ते मनापासून करावं. पण नोकरीतून आलेल्या माणसाची खरी कसोटी शाळेतल्या आंतरवासितेत लागते. ती एकूण 20 आठवड्यांची: पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16.

आमच्याकडे एक मेकॅनिकल इंजिनिअर छात्राध्यापक आले होते. दहावीला प्रकाशाचं अपवर्तन घ्यायचं होतं. त्यांनी सुबक आकृती काढली, स्नेलचा नियम लिहिला, साइन आयला साइन आरने भागलं, स्थिरांक काढला. अक्षर छापल्यासारखं. सगळं बोलणं मात्र फळ्याकडे तोंड करून. चाळीस लेकरांनी मुकाट्याने ते वहीत उतरवलं. तासाच्या शेवटी ‘समजलं का?’ म्हटल्यावर एका सुरात ‘हो सर’ आलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, आय म्हणजे कुठला कोन? ती आकृतीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिचडी शिजते त्या खोलीतून एक खोलगट स्टीलचं भांडं आणलं. तळाशी पाच रुपयांचं नाणं ठेवलं आणि लेकरांना एवढं मागे सरकायला सांगितलं की नाणं काठाआड जाईल. मग कुणालाही हलू न देता तांब्याने सावकाश पाणी ओतलं. कालच्याच मुलीला नाणं सगळ्यांत आधी दिसलं. ‘सर, वर आलं!’ म्हणून ती उठली, जवळ जाऊन भांड्यात बोट घालून पाहिलं, नाणं तळालाच होतं. पुन्हा जागेवर येऊन बघितलं. मग वर्गात जो गलका झाला त्यात सरांनी फक्त विचारलं, ‘नाणं हललं नाही, तर मग काय हललं?’ उत्तरापर्यंत लेकरं आपली आपण पोचली. सूत्र त्यानंतर फळ्यावर आलं, आणि या खेपेला आय कुठला ते त्या मुलीने दाखवलं. हा प्रयोग पाठ्यपुस्तकात असतोच. तो करायचा की नुसता वाचायचा, एवढाच निर्णय त्या माणसाला घ्यायचा होता, आणि त्याने तो घेतला.

तुमचा आधीच्या नोकरीचा अनुभव वर्गात कामी येतो तो अशा वेळी. इंजिनिअरला हाताने करून दाखवता येतं. एमआरला अनोळखी माणसाशी बोलायला जमतं. बँकवाल्याला चक्रवाढ व्याज खऱ्या पासबुकावरून शिकवता येतं. पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, हे मुद्दाम आणा.

आंतरवासितेची शाळा निवडायची मुभा असेल तर निदान काही आठवडे खेड्यातल्या शाळेत काढा. बीड जिल्ह्यातल्या शिरूर, पाटोदा, धारूर भागात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्गातली बाकं रिकामी होऊ लागतात. काही लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापासोबत फडावर जातात आणि मार्चनंतर परततात. ज्या मुलाचे चार महिने बुडाले त्याला दोन चलांतली समीकरणं कुठून सुरू करून द्यायची, हे कुठल्याच टाचणवहीत लिहिलेलं नसतं. तिथल्या जुन्या शिक्षकांनी त्यावर आपापल्या वाटा काढलेल्या असतात. कुणी प्रकरणं मागे-पुढे करतं, कुणी परतलेल्यांचा सकाळी वेगळा तास घेतं. त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. हे शिक्षण फुकट आणि अस्सल आहे.

टीईटी वेगळी, टेट वेगळी

नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. दोन्ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, पण काम वेगवेगळं.

टीईटी ही पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीसाठी. दुसरा पेपर सहावी ते आठवीचा, 150 गुणांचा, अडीच तासांचा. त्यात बालमानसशास्त्र, दोन भाषा, आणि 60 गुणांना गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के, राखीवला 55 टक्के लागतात. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी उत्तीर्ण असाल तर तीही राज्यात या वर्गांसाठी धरतात, आणि केंद्रीय विद्यालयाच्या टीजीटीला तर तीच लागते.

नववी-दहावीच्या पदाला टीईटीची अट नाही. तरीही माझं आग्रहाचं सांगणं, दुसरा पेपर काढूनच ठेवा. सहावी ते आठवीची पदं तुम्हाला खुली होतात, म्हणजे पसंतीक्रम दुप्पट होतो. शिवाय 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितलं. वीस वर्षं नोकरी झालेले माझे सहकारी आता पुस्तकं घेऊन बसले आहेत. तुम्ही तरुणपणीच मोकळे व्हा.

टेट ही स्पर्धा परीक्षा. 200 प्रश्न, 200 गुण, 120 मिनिटं. त्यात 120 गुण अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नाही. जितके गुण तितकी वरची शाळा. एका प्रश्नाला 36 सेकंद मिळतात, म्हणून हा पेपर ज्ञानाचा कमी आणि सरावाचा जास्त आहे. बँकेच्या परीक्षा दिलेल्यांना तो ओळखीचा वाटतो. घड्याळ लावून संगणकावर पेपर सोडवायची सवय बी.एड.च्या पहिल्या वर्षापासून ठेवा. जाहिरात आल्यावर सुरुवात करणारे मागे राहतात. 2025 च्या चाचणीला बी.एड.च्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसता आलं होतं, पण वेळेत पदवीचा पुरावा न दिलेल्यांचे निकाल राखून ठेवले गेले. विद्यापीठाचा निकाल लागला की गुणपत्रिकेसाठी त्याच आठवड्यात कॉलेजला जा.

पवित्र पोर्टल

टेटच्या गुणांवर पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून भरती होते. आधी स्वप्रमाणपत्र भरायचं: पदवी, विषय, बी.एड.च्या मेथड, माध्यम, प्रवर्ग. इथली एक चूक पुढे निस्तरता येत नाही, म्हणून मूळ गुणपत्रिका शेजारी ठेवून, दुसऱ्या माणसाकडून तपासून घेऊनच ते प्रमाणित करा. मग जाहिराती येतात आणि तुम्ही पसंतीक्रम लावता.

जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिकांच्या जागा मुलाखतीशिवाय, थेट गुणांवर भरतात. खाजगी अनुदानित संस्था मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय यांपैकी एक पर्याय निवडतात. मुलाखत असेल तर पाठ घेऊन दाखवावा लागतो. आंतरवासिता मन लावून केली असेल तर तिथे घाम फुटत नाही.

मराठवाड्याचं एक वैशिष्ट्य बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेची स्वतःची हायस्कूलं, म्हणजे प्रशाला, मोठ्या संख्येने आहेत. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण बहुतांश खाजगी संस्थांच्या हाती गेलं; इथे निजामी राजवटीपासूनच्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या. म्हणून पसंतीक्रमात मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदा पाहताना नववी-दहावीचा रकाना आवर्जून बघा.

निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. 1 जानेवारी 2023 पासून हे मानधन माध्यमिकला महिना 18 हजार आणि उच्च माध्यमिकला 20 हजार आहे. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी. माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराला मूळ वेतन 38,600 पासून, त्यावर महागाई आणि घरभाडे भत्ता. गृहकर्जाचे हप्ते चालू असतील तर बी.एड.ची दोन आणि मानधनाची तीन, अशी पाच वर्षं कागदावर मांडून बघा. नवरा-बायकोने एकत्र बसून हा हिशेब करावा. पुढे चिडचिड होत नाही.

संस्थेत पैसे भरून लागायचं का?

नाही.

हा प्रश्न प्रत्येक जण शेवटी, आवाज खाली करून विचारतो. कुणीतरी सोयरा सांगतो की अमुक संस्थेत जागा आहे, इतके लाख द्या, मान्यता संस्था आणते. शेत विकून असे पैसे भरलेली माणसं मी पाहिली आहेत. पद संचमान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या यादीत) नसतं, बिंदुनामावलीत (पदांच्या आरक्षणाच्या क्रमात) तुमचा प्रवर्ग बसत नसतो, किंवा शाळा विनाअनुदानित असते आणि ‘लवकरच अनुदानाचा टप्पा मिळेल’ या आशेवर माणूस वर्षानुवर्षं राबतो. 2025 मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं (शिक्षकाचा पगार ज्यावर निघतो त्या सरकारी क्रमांकाचं) प्रकरण उघडकीस आलं. अशा प्रकरणात चौकशीचा ससेमिरा शिक्षकाच्याही मागे लागतो.

खाजगी शाळेत लागताना, मग ती कोणतीही असो, चार गोष्टी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? अंशतः असेल तर टप्पा किती टक्क्यांचा? चालू वर्षाच्या संचमान्यतेत हे पद आहे का? नेमणूक पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर? तोंडी उत्तरावर न थांबता संचमान्यतेची प्रत दाखवायला सांगा. चांगल्या संस्था ती दाखवतात.

स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा आणि तासिका तत्त्व यांना कमी लेखू नका. भरतीची वाट बघताना घरी बसण्यापेक्षा रोज पाच वर्ग घेतलेला माणूस वेगाने घडतो. फक्त मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडे ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या.

रुजू झाल्यावर

नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, उपसंचालक कार्यालयाकडून शालार्थ आयडी: खाजगी अनुदानित शाळेत या क्रमाने कागद पुढे सरकतो, आणि शालार्थ आयडी आल्याशिवाय पगार निघत नाही. क्लार्कच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक स्वतःच्या वहीत लिहा. सेवापुस्तिकेत पहिली नोंद झाली की ती वाचूनच सही करा. जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग तिथे एकदा चुकलं तर निवृत्तीपर्यंत त्रास देतं.

वर्गात पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्या लेकरांची नावं पाठ करा. गावात राहणं शक्य असेल तर राहा, निदान पहिलं वर्ष. अप-डाऊनच्या एसटीवर डोळा ठेवून शेवटचा तास नीट होत नाही. निवडणूक आणि जनगणनेची कामं येतील, ती सगळ्यांनाच येतात. दहावीचे पेपर तपासायला मिळाले तर टाळू नका. एका वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासल्या की लेकरं नेमकी कुठे अडतात ते जितकं कळतं, तितकं दुसऱ्या कशानेच कळत नाही. तपासताना वारंवार दिसलेल्या चुका एका कागदावर टिपून ठेवा आणि जूनमध्ये नवीन वर्गाचं वार्षिक नियोजन करताना तो कागद समोर घ्या.